चित्रांसकट

मुरुडला राहून जुनी पुस्तकं जमवावीत असं ज्याला वाटतं, त्याला एक तर समुद्र ठाऊक नसावा किंवा पुस्तकं. मला दोन्ही ठाऊक आहेत आणि तरी मी जमवतो, त्यामुळे आमच्या आळीत माझ्याबद्दल दुमत नाही. खारं वारं इथे खिडक्यांचे गज खातं, कड्याकोयंडे खातं, अंगणात उभ्या केलेल्या स्कूटरचा पत्रा खातं. मासिकाच्या पिना म्हणजे त्याला जेवणानंतरची बडीशेप. पिना गंजल्या की गंज आधी मधल्या जोडपानावर उतरतो, आणि मुलांच्या मासिकात मोठं चित्र बरेचदा तिथेच असतं. जंजिरा सिद्दीकडून कोणालाही घेता आला नाही. माझं कपाट कसरीने एका पावसाळ्यात घेतलं.

उपाय सगळे करून झालेत. वेखंडाच्या पुरचुंड्या, कडुनिंबाचा पाला, कापूर, डांबराच्या गोळ्या. जुन्या लोकांनी पोथ्यांत सापाची कात ठेवलेली असे. मी ती ठेवायचं मनात आणलं होतं, पण घरात त्यावर जी चर्चा झाली ती इथे देत नाही. पावसाळा सरला की आश्विनातल्या उन्हात पुस्तकं बाहेर काढतो. अंगणात सुपारी वाळत पडलेली असते, तिच्या कडेने वळचणीच्या सावलीत पुस्तकं. थेट ऊन चालत नाही, कारण उन्हाने आधी लाल रंग उडतो आणि राजपुत्राचा फेटा दोन वर्षांत पांढरा पडतो. सुपारी राखणाऱ्या पोराला मी पुस्तकांकडेही लक्ष ठेव म्हणतो. तो ठेवतो, म्हणजे वाचत बसतो, आणि गुरं सुपारीत शिरतात.

मी जमवतो ती फक्त मुलांची सचित्र पुस्तकं, आणि त्यातही मिळेल तेवढी जुनी आवृत्ती. हे कोणाला सांगितलं की पुढचा संवाद ठरलेला असतो. “नातवंडांसाठी का?” नाही. “मग तुम्ही वाचता?” क्वचित. “विकता?” अजून तरी नाही. यानंतर समोरचा माणूस पावसापाण्याचं विचारतो. ओव्या, अभंग, पोथ्या जमवणाऱ्याला गावात मान असतो. नाणी जमवणाऱ्याच्या घरी पाहुण्यांना मुद्दाम नेतात. पन्नाशी उलटलेला माणूस ससा-कासवाच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती शोधत पुण्याला जातो म्हटलं, की घरचे ‘कामानिमित्त गेलेत’ असं सांगतात.

खरं तर मराठीत मुलांच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती शिल्लक राहणं हाच चमत्कार. पोथी लाल कापडात बांधून देवघराजवळ ठेवतात, तिला हात धुऊन हात लावतात. मुलाचं पुस्तक मुलाच्या हातात देतात. तिथून पुढे लाडवाचं तूप, आंब्याचा रस, रंगपेटी आणि धाकटं भावंड. बापू छत्र्यांनी 1828 साली ‘बाळमित्र’ आणि इसापाच्या गोष्टी मराठीत आणल्या. त्याच्याही आधी, 1806 मध्ये, तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात इसापाच्याच गोष्टींचं ‘बालबोध मुक्तावली’ छापलं गेलं. त्यांच्या प्रती कुठल्या मुलांनी वाचल्या असतील, ती मुलं कशी होती, याची मला फार उत्सुकता आहे. पण ती पुस्तकं माझ्या कपाटात येणार नाहीत हे मला समजतं. माझी धाव आणे-पैशांच्या पुस्तकांपर्यंत.

आणे-पैशांवरून आठवलं. ज्या पुस्तकाचं पहिलं पान गेलेलं असतं (आणि पहिलं पान गेलेलंच असतं, कारण त्यावर नाव घालायला जागा असते आणि नाव घातलेलं पान फाडायला मुलांना आवडतं), त्याचं वय कसं काढायचं? किंमत आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा एप्रिल 1957 च्या आधीचं. नवे पैसे तेव्हा आले. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘मुलें’ असे टिंबांचे पाऊस पडलेले असतील तर 1962 च्या आधीचं. त्या साली साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नियम केले आणि न उच्चारलेली टिंबं गेली. साल शकात असेल तर अठ्ठ्याहत्तर मिळवायचे. काही प्रकाशकांनी ना शक दिला ना सन, नुसतं ‘आवृत्ति पहिली’ म्हणून ठेवून दिलं. बहुधा त्यांना दुसरीची खात्री नसावी.

तरी प्रश्न उरतोच की जुनीच आवृत्ती कशाला? गोष्ट तीच, आता नव्या कागदावर मिळते, अक्षर मोठं, चुका कमी. आमच्या वाचनालयातल्या मास्तरांनी हे मला अनेकदा समजावलं आहे. मास्तर बरोबर आहेत, पण फक्त गोष्टीपुरते. मुलांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते तेव्हा शब्द तेच राहतात आणि चित्रं बदलतात. लेखकाचं एक वाक्य बदलायचं तर प्रकाशक वारसांची परवानगी मागतो. चित्रकाराची सगळीच्या सगळी चित्रं काढून दुसरी घालताना तो कोणाला विचारत असेल असं मला वाटत नाही. जुनी चित्रं जस्ताच्या पत्र्यावर कोरून, लाकडी ठोकळ्यावर ठोकून छापत. छापखाना बदलला, ऑफसेट आलं, ठोकळे मोडीत गेले. पत्र्याला भाव येतो, चित्राला येत नाही. मग नव्या आवृत्तीत नवा चित्रकार. तीच राजकन्या आता वेगळ्या नाकाची असते. ज्यांनी जुनं नाक पाहिलेलं आहे त्यांना हा धक्का सोसत नाही, आणि ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगून पटत नाही.

त्यातून चित्रकाराचं नाव. लेखकाचं नाव मुखपृष्ठावर, मग आतल्या पानावर, मग मागे. प्रकाशकाचं त्याहून एकदा जास्त. चित्रकाराचं असलंच तर मुद्रकाच्या पत्त्याखाली. किती तरी पुस्तकांत तेही नाही. चित्राच्या कोपऱ्यात बारीक सही असते आणि ती बाइंडरच्या कात्रीने अर्धी नेलेली असते. माझ्या वहीत ‘...कर’ नावाच्या चित्रकाराची बरीच पुस्तकं आहेत. महाराष्ट्रात ‘...कर’ किती, हे मी सांगायला नको. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची सही मोठी असे, ती ओळखीचीही असे. बाकीचे कात्रीच्या हवाली.

साहेबाच्या देशात हे उलटं झालं होतं. लुईस कॅरोलच्या ‘अ‍ॅलिस’ची पहिली आवृत्ती 1865 साली दोन हजार प्रतींची छापून झाली, आणि चित्रकार जॉन टेनियल म्हणाला, माझी चित्रं नीट उठलेली नाहीत. झालं. लेखकाने आवृत्ती मागे घेतली. वाटलेल्या प्रती परत मागवल्या, त्यातल्या काही मुलांच्या रुग्णालयांना देऊन टाकल्या, उरलेले छापील कागद अमेरिकेतल्या प्रकाशकाला गेले आणि पुस्तक पुन्हा छापलं. त्या मागे घेतलेल्या आवृत्तीच्या आज जेमतेम दोन डझन प्रती माहीत आहेत, आणि जगातल्या श्रीमंत संग्राहकांची झोप त्यांनी उडवलेली आहे. म्हणजे इंग्रजी बालसाहित्यातली ही अतिदुर्मीळ आवृत्ती दुर्मीळ झाली ती चित्रकार रुसला म्हणून. आमच्याकडे एखादा चित्रकार असा रुसला असता तर प्रकाशकाने त्याला चहा पाजला असता आणि पुस्तक बाजारात गेलं असतं. त्या ‘अ‍ॅलिस’ची मराठी ‘जाईची नवलकहाणी’ भा. रा. भागवतांनी केली. मराठीत आल्यावर तिला टेनियलची चित्रं लागतात की नाही यावर मास्तरांचं आणि माझं अजून मिटलेलं नाही.

रुग्णालयात गेलेल्या त्या प्रतींचं मात्र मला फार कौतुक वाटतं. त्या आजारी मुलांनी वाचून वाचून संपवल्या असणार. त्यातली एकही आज माझ्यासारख्याला मिळणार नाही, आणि हे अगदी योग्य झालं असंही वाटतं. असं वाटणं संग्राहकाला परवडत नाही, म्हणून पुढे जातो.

चांदोबाच्या बाबतीत मी चित्रांचा हट्ट कुठवर नेला ते ऐका. ‘चंदामामा’ मद्रासहून 1947 च्या जुलैत निघाला, मराठी चांदोबा 1952 पासून. एकाच प्रकाशनगृहातून अनेक भाषांचे अंक. भाषा बदलत, चित्रं तीच. विक्रम आणि वेताळ म्हटलं की खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेऊन निघालेला जो राजा डोळ्यांपुढे येतो, तो शंकर या चित्रकाराचा. माझ्याकडच्या एका मराठी अंकातलं नेमकं चांगलं चित्र कोणी तरी कापून, बहुधा प्रकल्पवहीत, चिकटवलं आहे. मी हैदराबादेतल्या एका स्नेह्याला सांगून तेलुगू अंक मागवले, महिने मागेपुढे करून तो अंक हुडकला. आता मजकूर मराठीतून वाचतो आणि चित्र तेलुगूतून बघतो. मला तेलुगूचं एक अक्षर येत नाही, पण त्या चित्रातला वेताळ मराठीच बोलतो.

मागवण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, महाराष्ट्रात मुरुडं भरपूर. आमचं रायगडातलं, दुसरं दापोलीजवळ अण्णासाहेब कर्व्यांचं, तिसरं लातूरकडे. पुण्याहून निघालेलं ‘किशोर’च्या जुन्या अंकांचं एक पार्सल लातूरच्या मुरुडला जाऊन आलं. तिथल्या ज्या सज्जनाने ते उघडलं, त्याने अंक परत बांधून पाठवले आणि वर चिठ्ठी ठेवली की मुलांनी वाचले, राग नसावा, नोव्हेंबरचा अंक आहे का अजून एखादा? ‘किशोर’ बालभारतीने 1971 च्या नोव्हेंबरात सुरू केला. त्याचे जुने अंक आता बालभारतीनेच संगणकावर फुकट वाचायला ठेवले आहेत, हे मी त्या गृहस्थांना कळवलं. त्यांनी उत्तर पाठवलं की ठाऊक आहे, पण मोबाइल मुलांच्या हातात दिला तर ती ‘किशोर’ उघडत नाहीत.

पुस्तकं येतात कुठून? रद्दीतून. आमचे रद्दीवाले चाचा दिवाळी अंक, वर्तमानपत्रं आणि वह्या वेगळ्या लावतात, आणि मुलांच्या चित्रांची पुस्तकं दिसली की माझ्यासाठी बाजूला ठेवतात. वजनाचा भाव लावतात, वर माझ्या तोंडाकडे बघून थोडा चढवतात. एकदा त्यांनी मला असं काही सांगितलं जे मी अद्याप कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. “सर, पोरांची किताबं पोरांच्या घरातून येत नाय. म्हाताऱ्यांच्या घरातून येतात.” आणि ते तसंच आहे. पोरं मोठी होतात, मुंबईला जातात, कोणी आखातात जातं. पुस्तकं माळ्यावर चढतात आणि तिथे तीस-चाळीस वर्षं उंदरांना सांभाळतात. मग एक दिवस घर विकलं जातं किंवा मुलगा येऊन ठरवतो की माडीवर चार खोल्या काढून पर्यटकांना द्यायच्या. माळा रिकामा होतो. काशीदपासून मुरुडपर्यंत जेवढे होम-स्टे झाले तेवढे माळे खाली झाले, आणि त्यातला बराचसा भाग चाचांच्या तराजूवरून गेला. शनिवार-रविवारी आलेले पर्यटक तिथे सुरमईचं ताट खातात; त्यांच्या डोक्यावर एके काळी काय होतं ते मला ठाऊक असतं, पण कोणी विचारत नाही.

या सगळ्यात दुर्मीळ काय असेल तर शाळेचं पाठ्यपुस्तक. लाखांनी छापतात, म्हणून कोणी ठेवत नाही. परीक्षा झाली की खालच्या वर्गातल्या मुलाला निम्म्या किमतीत द्यायचं, त्याने पुढच्याला, तिसऱ्या वर्षी ते रद्दीत. शि. द. फडणिसांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली. बेरीज-वजाबाकीच्या पानावर हसू आणणं हे आमच्या पिढीला स्वप्नातही सुचलं नसतं. आमच्या गणितात हौदाला दोन नळ असत आणि दोन्ही उदास. अभ्यासक्रम बदलला, पुस्तक बदललं, चित्रं गेली. त्यातलं एक मला मिळालं आहे. समासात पेन्सिलने कोणी तरी हातचे मांडलेत आणि ते चुकलेत.

रशियन पुस्तकांचा कप्पा वेगळा आहे. मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाने आणि पुढे रादुगा प्रकाशनाने मराठीत मुलांची पुस्तकं छापली. अनिल हवालदारांसारखे लोक तिकडे राहून मराठी करत होते. इथे लोकवाङ्मय गृहात ती मिळत, आणि किंमत इतकी कमी की वडील विचार न करता घेऊन देत. त्या काळी वडील विचार न करता घेऊन देतील असं फार काही नव्हतं. कोंबडीच्या पायांवर उभी असलेली झोपडी, बर्फ, अस्वल, समोवार! मुरुडच्या पोरांनी बर्फ पाहिलेला तो कोळ्यांच्या टोपल्यांत, मासळीवर. आकाशातून पडणारा बर्फ आम्ही या पुस्तकांत पाहिला आणि त्याला मासळीचा वास नाही हे पटायला वेळ लागला. 1991 च्या डिसेंबरात सोव्हिएत संघच आटोपला आणि पुस्तकं यायची थांबली. त्यामुळे यातल्या बहुतेक पुस्तकांच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या नाहीत, चित्रं बदलायची कोणाला संधीच मिळाली नाही. या पुस्तकांवर जीव असलेल्या मंडळींनी ‘धुक्यात हरवलेले लाल तारे’ नावाचा माहितीपट केला आहे, आणि अरविंद गुप्तांनी आपल्या संकेतस्थळावर यातली कित्येक पुस्तकं वाचायला ठेवली आहेत. म्हणजे असे वेडे आणखी आहेत. हे कळल्यावर घरात माझी बाजू किंचित सुधारली.

आणि रशियाचं आमच्या किनाऱ्याशी नातं मी काही ओढून आणत नाही. मुरुडहून अलिबागकडे जाताना तासाभरावर रेवदंडा लागतं. तिथे शाळेच्या आवारात अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. पंधराव्या शतकात, वास्को द गामा यायच्या आधी, तो शेजारच्या चौलला उतरला. विकायला एक घोडा बरोबर घेऊन. आपण जाऊ तिथे लोक गोऱ्या माणसाचं नवल करत मागे येतात असं त्याने लिहून ठेवलं आहे. पुढे जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला, धर्म बदल म्हणून धमकावलं, आणि मोठ्या खटपटीनंतर घोडा परत मिळाला. ही गोष्ट चित्रांसकट मुलांसाठी कोणी केली असेल तर मला ती हवी आहे, आवृत्ती कुठलीही चालेल. पाचशे वर्षांपूर्वी एक रशियन घोडा घेऊन आला, नंतर रशियन पुस्तकं आली. दोन्ही धंद्यांत कोणाचा फायदा झाला असेल असं दिसत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आमच्यावरून गेलं. सकाळपासून वारा चढत होता, दुपारी माडीवरची कौलं पत्त्यांच्या डावातली पानं उडावीत तशी उडायला लागली आणि वाडीत सुपारीची झाडं मधोमध मोडल्याचे आवाज येऊ लागले. घरातली माणसं तांदळाचे डबे, गॅस, कागदपत्रं आणि आत्याला सांभाळत होती. मी ताडपत्री घेऊन कपाटापाशी होतो. या प्रसंगाचा उल्लेख घरात अजून होतो, साधारण आठवड्यातून. वादळ गेल्यावर गावाकडे बघवत नव्हतं. पिढ्यांनी लावलेल्या वाड्या आडव्या झाल्या होत्या, वीज आठवडेच्या आठवडे नव्हती, आणि अशा वेळी ओली पुस्तकं वाळवत बसणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतील याची काळजी करायलाही कोणाला वेळ नव्हता.

पण त्या दिवसांत एक गोष्ट शिकलो. उंची, गुळगुळीत, चकचकीत कागदाची पुस्तकं भिजली की त्यांची पानं एकमेकांना चिकटतात आणि वाळल्यावर पुस्तकाची वीट होते. उघडायला जावं तर चित्रच सोलून येतं. स्वस्त, खरबरीत, पिवळ्या कागदाची पुस्तकं मात्र पान पान सुटं करून दोरीवर टाकली तर वाळतात. फुगतात, वाकडी होतात, पण वाळतात. आण्यांतली सगळी वाचली. जाडजूड, सोनेरी अक्षरांची जी प्रत मी कौतुकाने वरच्या फळीवर ठेवत असे, तिची वीट झाली. ती मी टाकलेली नाही. खिडकीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावतो.

आत्याचं एक पुस्तक आहे; ते तेव्हा तिच्या उशाखाली होतं, त्यामुळे त्याला थेंबही लागला नाही. या पुस्तकासाठी मी फार वर्षं तिच्या मागे आहे. पुढचं पान नाही, मागचं नाही, नाव माहीत नाही. टिंबं आहेत, मागच्या अर्ध्या पानावर ‘आणे’ एवढं दिसतं. राक्षस, राजपुत्र, बोलणारा पोपट. तिने स्वतः सुईदोऱ्याने शिवलेलं आहे, गोधडीचा टाका. चित्रं अप्रतिम, सही अर्थातच कात्रीत गेलेली. आणि प्रत्येक चित्रात राक्षसाच्या डोळ्यांच्या जागी दोन भोकं. आत्या सहा वर्षांची असताना तिला त्या डोळ्यांची भीती वाटायची, म्हणून तिने ते आईच्या सुईने फोडले. “आता बघ म्हणावं माझ्याकडे,” असं ती मला ऐंशीव्या वर्षी सांगत होती, आणि तिच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता.

“आत्या, मला दे ना ते. नीट ठेवेन.”

“तुझ्या कपाटात? वेखंडाचा वास येतो त्याला. शिवाय तू वाचणार आहेस का?”

“जपून ठेवेन.”

“जपून मी पण ठेवलंय. पोथीसारखं. पण वाचते.”

यावर माझ्याकडे उत्तर नसतं. मध्यंतरी शेजारची नात सुट्टीत आली होती. आत्याने तिला पुस्तक वाचून दाखवलं, आणि मी पाणी प्यायला आत गेलो तेवढ्या वेळात त्या पोरीने विचारलं, राक्षसाला दिसत नाही तर तो राजपुत्राला पकडतो कसा? प्रश्न बरोबर होता. आत्याने विचार केला आणि तिला पेन दिलं. मी बाहेर आलो तोवर भोकांमागे कागदाचे तुकडे चिकटवून झाले होते आणि पोरगी जीभ बाहेर काढून त्यांवर बाहुल्या काढत होती. एक डोळा मोठा, एक लहान, दोन्ही जांभळे. राक्षस आता थोडा आमच्या मास्तरांसारखा दिसतो, हे आत्याला दाखवल्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

मी काही बोललो नाही. रात्री वही काढून नोंद केली: नाव अज्ञात, प्रकाशक अज्ञात, 1957 पूर्वीचं असावं, मालकी आत्याकडे. मजकूर, पहिली आवृत्ती. राक्षस, दुसरी आवृत्ती, सुधारून वाढवलेली.